एकाच ताग्यातलं कापड

"मी काय ट्रॅक्टर हाय का, बॉनेटपासून मडगार्डापर्यंत एकाच रंगात रंगवायला?"

गोरख हे मला म्हणाला नव्हता. माझ्या शिलाई मशीनशेजारी आरसा आहे, त्याला म्हणाला होता, तेही ओठातल्या ओठात. पण मी त्याच्या पायाशी बसून पँट आत दुमडत होते, तोंडात टाचण्या होत्या आणि कान मोकळे होते. शिवाय गोरखच्या तोंडापासून माझ्या कानापर्यंतचं अंतर तसंही फार नसतं. चेष्टा करत नाही, आहे तसं लिहितेय.

"नीट उभा राहा," मी टाचण्या काढून म्हटलं.

"उभाच हाय, काकू. एवढाच हाय."

आणि हसला. त्याला हसताना बघितलं की माझी टाचणी हमखास बोटात जाते.

गोरख म्हणजे गोरक्षनाथ, माझ्या मोठ्या जावेचा थोरला मुलगा. वय चौतीस. शेवगावहून पैठणकडे जाताना धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. दोन भावांची दोन घरं, मधे एकच अंगण. माझा नवरा धाकटा, म्हणून मी काकू. मी ब्लाउज शिवते. पुरुषांचे कपडे शेवगावचा टेलर शिवतो, पण गोरखची प्रत्येक पँट शेवटी माझ्याकडे येते. मापं घेऊन शिवलेली असली तरी येते, कारण टेलरला वाटतं आपणच मोजायला चुकलो, आणि तो दोन बोटं जास्त सोडतो.

दुसऱ्या दिवशी गोरखला बघायला पाहुणे येणार होते.

एका रंगाचं हे शास्त्र आमच्या घरात मीच आणलं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते रद्दीतल्या मासिकांतून, आणि आता मोबाईलमधून. ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ बघता बघता एकदा पुण्याकडची एक मुलगी समोर आली आणि उंच दिसायला काय घालावं ते सांगायला लागली. वरून खालपर्यंत एकच रंग ठेवा, तोही गडद. पट्टा त्याच रंगाचा, मोजे आणि बूटही शक्यतो त्याच रंगाचे. मधे कुठे रंग तुटला की नजर तिथे अडकते. नाही तुटला तर ती न अडखळता खाली घसरते आणि माणूस आहे त्याहून लांब वाटतो. मला पटलं. पांढरा शर्ट आणि काळी पँट म्हणजे माणसाची मधोमध वाटणीच की. आणि आमच्या गोरखकडे वाटून द्यायला मुळातच फार नव्हतं.

मी हे मनकर्णाबाईंना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी ते औषधासारखं घेतलं. त्या दिवसापासून 'उंची' हा शब्द आमच्या अंगणातून गेला आणि त्याच्या जागी 'रंग' आला. बायोडाटात शिक्षण, बागायत, विहीर, मामाचं गाव, सगळं होतं. उंचीची ओळ तेवढी टाईप करणाऱ्याकडून राहून गेली, आणि ती कुणी परत घालायला सांगितली नाही. पाथर्डीकडच्या स्थळाचा नकार आला तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यो पांढरा शर्टच नडला." नेवाशाच्या वेळी चॉकलेटी रंग नडला. राहुरीच्या वेळी राखाडी कपड्यावर उभ्या रेघा होत्या, तर रेघा फार बारीक होत्या असं ठरलं. नेवाशाला त्या पोरीच्या मावशीने दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला होता. तो मोबाईल हातोहात फिरला, आणि मागून एक म्हातारा म्हणाला, "पोराला उभं तर राहू द्या की." पण घरी येताना जीपमध्ये आम्ही चॉकलेटी रंगाबद्दलच बोललो. शेवगाव येईपर्यंत बोललो.

तसंही शेती करणाऱ्या पोराला आजकाल मुलगी मिळणं कठीण. "त्यात पुन्हा..." असं कुणीतरी म्हणायचं, आणि त्या 'त्यात पुन्हा'पाशी सगळ्यांनाच काहीतरी काम आठवायचं.

धाकटा वैजनाथ, वैजू, एकोणतीस वर्षांचा. तो आमच्या सासऱ्यांवर गेला. आमच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. वैजूची एक सवय आहे. गोरख उभा असला की वैजू बसतो. जागा नसली तर उकिडवा बसून बुटाची नाडी बांधतो, चप्पल घातलेली असली तर कुत्र्याचे कान कुरवाळतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. गोरखला बघायला कुणी येणार असलं की तो आपणहून काम काढून निघून जातो. कधी मोटर बघायची असते, कधी पेंड आणायची असते. एकदा तर शेजारच्यांच्या मेलेल्या शेळीचा पंचनामा होता, तिथेही जाऊन बसला होता.

तरी एखाद्या वेळी पाहुण्यांना दिसायचाच. मग जाता जाता अंगणात कुणीतरी थांबायचं. "आणि हे?"

बाईंचं उत्तर ठरलेलं. "मोठ्याचं झाल्याबिगर धाकट्याचं न्हाई."

आमच्याकडे हे नुसतं मानपानाचं नसतं. धाकट्याचं आधी झालं की थोरल्याच्या दाराला बाहेरून कडी लागते. घरच्यांनीच नाद सोडला, असं लोक समजतात, आणि मग मध्यस्थही त्या घरचा चहा प्यायला येत नाही. म्हणून वैजू थांबला होता. त्याच्या वर्गातल्यांची पोरं अंगणवाडीत जायला लागली, तरी थांबला होता. गोरख एकदोनदा जेवताना म्हणाला होता, "आई, वैजूचं करून टाका, माझं काय." बाई म्हणाल्या, "गप भाकर खा." वैजू ताटावरून उठून गेला. तिसऱ्यांदा गोरख बोलला नाही.

या वेळी बाईंनी नेव्ही ब्लू ठरवला होता. शेवगावातून कापड घेऊन आल्या तेव्हा पिशवी मीच उघडली. आत पँट-शर्टाच्या कापडाचे दोन जोड निघाले.

"बाई, हे दुसरं कुणाचं?"

"वैजूचं."

"सेम?"

"मंग? एकाला घिऊन दुसऱ्याला न्हाई, असं कधी केलंय का मी? चड्डी घालत हुते तवापास्नं दोघांचं एकाच ताग्यातलं हाय. उगं कुणाच्या मनात याया नगं." त्यांनी दोन्ही कापडांवरून हात फिरवला, दोन्हीवर सारखा. "वैजू घालंल नंतर कवातरी."

मी पिशवी परत गुंडाळली. बाईंच्या या सारखेपणाला आम्ही कधी हात लावला नव्हता. भाकरी मोडली तरी त्या दोन्ही तुकडे नजरेने तोलतात.

पाहुणे अकराला येणार होते. मध्यस्थ मच्छिंद्र दहालाच येऊन बसला. मच्छिंद्र दुधाच्या डेअरीवर कामाला, पण त्याचं खरं लक्ष लोकांच्या पोरापोरींत. ही मुलगीही पाथर्डीच्याच बाजूची, सृष्टी नाव, मेडिकल दुकानात नोकरी. गोरखचा फोटो त्यांना पसंत होता. फोटो मीच काढला होता, मोबाईल जमिनीजवळ धरून. त्यात गोरख लाल किल्ल्यासारखा दिसत होता.

त्या दिवशी शेवगावात भावकीतलं एक लग्नही होतं. घरातून कुणीतरी जायलाच हवं. मोठ्या दादांना, म्हणजे गोरखच्या वडलांना, रंगनाथदादांना, घरी थांबायचं होतं. आमचे हे लग्नाचं जेवण सोडत नाहीत, पण त्यांचं पोट बिघडलं होतं. म्हणजे वैजू. त्याला तर जायला कारणच हवं होतं. लग्नाला जायचं म्हणून तो नवे कपडे घालून बाहेर आला, आणि मोटरसायकलवर बसला तेव्हा मी त्याला बघितलं. वरपासून खालपर्यंत निळा, न तुटता. हाक मारायला मी तोंड उघडलं. पण तो जात होता. जाणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं?

अकराचे बारा झाले, एक झाला. मुलीचे मामा, वाल्मिकराव, नगरहून गाडी घेऊन मुलीकडे जाऊन मग आमच्याकडे यायचे होते. त्यांचा मच्छिंद्रला फोन आला, टायर फुटलं. पोहे वाळले. बाईंनी ते गड्याला दिले आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. गोरख कपड्यांची घडी मोडू नये म्हणून दोन तास खुर्चीवर ताठ बसून होता. माशी बसली तरी हलत नव्हता.

अडीचच्या सुमाराला वैजूचा मला फोन आला.

"काकू, गेले का?"

"आलेच न्हाईत अजून."

"मंग मी फाट्यावरच बसतो लिंबाखाली. गेले की सांग."

आता पुढचं कुणाच्या हातचं नव्हतं. फाट्यावर आमच्या वस्तीकडे वळायचा रस्ता चटकन दिसत नाही. पाहुण्यांची पांढरी गाडी पुढे जाऊन मागे आली आणि लिंबाखाली बसलेल्या एकाच माणसाला तिने विचारलं, रंगनाथरावांची वस्ती कुठली. दारात आलेल्या पाहुण्याला रस्ता सांगून बसून राहणं वैजूला जमणारं नाही. त्याला वाटलं होतं, गोठ्यापर्यंत न्यायचं आणि तिथून मागच्या मागे वळायचं.

आम्ही हॉर्न ऐकून अंगणात आलो तर पुढे वैजूची मोटरसायकल, मागे गाडी. वैजूच्या डोक्यावर लग्नात बांधलेला फेटा तसाच होता, वर तुरा. आधीच तेवढा, त्यात वर हातभर केशरी.

तो गोठ्यापाशी वळणार, तेवढ्यात गाडी थांबली आणि वाल्मिकराव उतरून त्याच्याकडे गेले. उंचापुरा माणूस. तरी वैजूच्या खांद्यावर हात ठेवायला त्यांना हात उचलावा लागला.

"वा! नवरदेव स्वतः न्यायला आले, फेटाबिटा बांधून! अशी माणसं पाहिजेत!"

मागून मुलीची आई उतरली. तिने वैजूकडे बघितलं, फेट्यापासून बुटापर्यंत. पुण्याकडची ती मुलगी सांगत होती तशीच तिची नजर कुठेही न अडकता खाली घसरली.

"मी न्हाई," वैजू म्हणाला. त्याचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला होता. "मी धाकटा. दादा आत हाय."

आणि दादा ओट्यावर आला.

तोच निळा. तीच कॉलर, तीच बटणं, एकाच ताग्यातलं, एकाच टेलरचं. गोरख एकटा उभा असता तर, देवाशपथ, त्या रंगात बरा दिसत होता. पण शेजारी दुसरा होता. एकाच रंगाचे दोन खांब उभे होते, एक दिव्याचा आणि एक कुंपणाचा.

सगळ्यात आधी गोरखला कळलं. त्याने एकदा वैजूच्या शर्टाकडे बघितलं, एकदा स्वतःच्या, आणि हात जोडून म्हणाला, "या, या. आमच्याकडं दोन साईजमधी मिळतं."

वाल्मिकराव हसले. जरा जास्तच वेळ हसले. मुलीची आई हसली नाही.

बसल्यावर मात्र बरं झालं. बसलेला गोरख कुणाला हार जात नाही. कापूस, ठिबक, फुगवट्याचं पाणी कधी वर येतं आणि कुणाच्या बांधावरून भांडणं लागतात, सगळं तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला आपलीच शेती वाटावी. वाल्मिकरावांनी विचारलं, "गाई किती?" तर म्हणाला, "गाई चार, पण एकीचा स्वभाव चौघींचा." तेव्हा सृष्टी पहिल्यांदा हसली.

तिने मान वर केली आणि सरळ त्यालाच विचारलं, "स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

"पिठलं येतं. भाकरीबी येते, पर नकाशावानी हुती."

"कुठल्या जिल्ह्याच्या?"

"आपल्याच. उत्तरंला जरा फाटलेली."

मुलगी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिच्या पदराकडे माझं लक्ष गेलं. मी ब्लाउज शिवणारी बाई. इतका वेळ ते कसं दिसलं नाही? आडव्या रुंद पट्ट्यांची साडी. हिरवी पट्टी, पिवळी पट्टी, खाली वीतभर काठ. ब्लाउज तिसऱ्याच रंगाचा. दर चार बोटांवर रंग तुटत होता. पाय बघितले, तर चप्पल कागदासारखी सपाट. आणि ती खुर्चीत बसली होती ती पोक काढून, घडी घातल्यासारखी. मी त्या मुलीच्या आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघींनी पोह्यांच्या बशा बघितल्या.

त्यांच्याही घरात एखादा शब्द बोलला जात नसणार.

त्या आईचं लक्ष मात्र दाराकडे होतं. वैजू उंबऱ्यापाशी खाली जमिनीवर बसला होता, फेटा काढून मांडीवर ठेवून, गुडघे पोटाशी. त्याला निघून जायचं होतं, पण रंगनाथदादांनी "बस, पाहुणे हायेत" म्हटलं होतं.

"तुम्ही किती शिकलात?" तिने वैजूला विचारलं.

"बारावी."

"आणि शेती दोघं मिळून का?"

"दादाच बघतो. मी नुसता ऐकतो."

"तब्येत चांगली आहे हो तुमची."

"मला गाईला पानी पाजायचंय," वैजू म्हणाला आणि वाकून बाहेर गेला.

मग मच्छिंद्र ते वाक्य बोलला जे आजकाल प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी बोलतं. "पोरापोरीला जरा बोलू द्या. मळ्यात चक्कर मारून या दोघं."

म्हणजे उभं राहायचं.

गोरख आधी उठला. मग सृष्टी उठली, आणि उठतच राहिली. तिने जमेल तेवढी मान खाली घातली होती, तरी तिची हनुवटी त्याच्या भांगाच्या वर होती. रंगनाथदादा पंख्याकडे बघायला लागले. मच्छिंद्रने मोबाईल काढला. बाई रिकामे कप गोळा करायला लागल्या, एकदा गोळा करून परत मांडले आणि परत गोळा केले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहिरीकडची वाट दिसते. बाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. ती दोघं मक्याच्या कडेने चालली होती. गोरख हात करून काहीतरी दाखवत होता. तिने मान मागे टाकली.

"हसतीय का गं ती, शकू?"

"हसतीय."

"खरंच हसतीय का उगं आपलं?"

"खरंच हसतीय, बाई."

"मंग निळा लागू पडला म्हनायचा." त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडलं. "मी म्हनलंच हुतं, चॉकलेटी नकोच."

मला त्या क्षणी वाटलं, होईलही. खोटं कशाला बोलू? वाटलं. त्या दोघांना कुणी मळ्यातच राहू दिलं असतं, अंगणात परत आणलंच नसतं, तर झालंही असतं.

ती दोघं परत आली. बाईंनी सृष्टीच्या कपाळाला कुंकू लावलं; त्यासाठी मुलीला वाकावं लागलं आणि बाईंना टाचा उचलाव्या लागल्या. पुरुषांना टॉवेल-टोपी दिली. वाल्मिकरावांनी गोरखच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "माणूस एक नंबर." गाडीपाशी त्यांनी मच्छिंद्रला बाजूला घेतलं. मुलीची आई बोलत होती, वाल्मिकराव मान हलवत होते, मच्छिंद्र पायाने माती उकरत होता. सृष्टी काचेआड बसली होती. गाडी निघाली तेव्हा तिने गोरखकडे बघून हात केला, लहान मुलं करतात तसा.

गाडीचा धुरळा बसेपर्यंत मच्छिंद्र आत आला नाही. आला तो कॉटवर बसला आणि पाणी मागितलं. आम्ही सगळेच तिथे होतो. वैजू गोठ्यातून येऊन दारात बसला होता.

"स्थळ पसंत हाय," मच्छिंद्र म्हणाला.

बाईंनी दोन्ही हात छातीशी नेले.

"घर पसंत हाय. जमीन पसंत हाय. मानसं तर लईच आवडली म्हनले."

"आन् गोरख?" रंगनाथदादांनी विचारलं.

"गोरखबी आवडला की. मानूस म्हनून आवडला." मच्छिंद्रने पाण्याचा पेला तळापर्यंत रिकामा केला. "त्यांची पोरगी जरा लांबोळी हाय, त्यांनीबी लई नकार पचवलेत. एकोनतीस चालूय तिला. त्यांचं म्हननं असं हाय, की घर तर जोडायचंच. तुमचंबी काम व्हईल, त्यांचंबी काम व्हईल."

"कसं?"

मच्छिंद्रने दाराकडे बघितलं. वैजू उठून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच, गोरख समोर असताना, पूर्ण उभा राहिला. डोकं चौकटीला लागलं.

"माज्याकडं बघायचं न्हाई," तो म्हणाला. "सांगून ठिवतो. कुनीच माज्याकडं बघायचं न्हाई. दादाला बघाया आलेल्या पोरीशी मी... लाज न्हाई वाटत का, मच्छूदादा?"

"मला काय म्हनतो? मी निरोप्या हाय."

"ह्यो शर्टच मी घालाया नको हुता." त्याने कॉलर अशी ओढली की वरचं बटण उडून कॉटखाली गेलं. "फेटाबी तिथंच फेकून याया पायजे हुता."

"शर्टाचं काय घिऊन बसलास," रंगनाथदादा म्हणाले, आणि परत म्हणाले, "शर्टाचं काय."

मी वाकून कॉटखालचं बटण उचललं. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "काळा घेतला असता बाई, तर बरं झालं असतं. निळा दुपारच्या उन्हात जरा फिका पडतो."

माझाच आवाज माझ्या कानावर आला. पण मच्छिंद्रने तो दोरीसारखा धरला. "व्हय, काळा पायजे हुता. माज्या मेव्हन्याच्या वक्ताला..."

"गोरख, तुला काय म्हनली रं ती? मळ्यात?" बाईंनी मधेच विचारलं.

गोरख कॉटच्या कडेवर बसून बूट काढत होता. नवे बूट, नेव्ही ब्लू मिळाले नाहीत म्हणून काळे. एक काढला, दुसऱ्याची गाठ बसली होती.

"साडी आईनं निवडली म्हनली. आडव्या पट्ट्यांनी मानूस ठेंगनं दिसतं म्हनं. मी म्हनलं, माज्या काकूला भेटा, ती उब्या रेघा देती. लई हसली."

"आन् जाताना?"

"जाताना म्हनली, तुम्ही खूप चांगले आहात."

आमच्या घरात त्या वाक्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. नेवाशाची पोरगीही हेच म्हणाली होती, राहुरीची सुद्धा. मच्छिंद्रने घसा साफ केला. "न्हाई तर आपुन असं करू. श्रीरामपूरच्या बाजूला एक स्थळ हाय, पोरगी अंगानं बारकी हाय म्हनत्यात. पुढच्या रविवारी..."

"काळ्यात," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

"व्हय, काळ्यात."

"तुमी जरा थांबा," बाई म्हणाल्या.

त्या हातातला टॉवेल खाली ठेवून गोरखजवळ गेल्या, त्याच्या पायाशी वाकल्या आणि बुटाची ती गाठ नखाने सोडवली. गोरख "राहू दे, आई" म्हणाला, पण पाय मागे घेतला नाही. मग त्या त्याच्याशेजारी कॉटवर बसल्या. दोघांची डोकी एका रेषेत आली आणि दोघांचे पाय जमिनीपासून तेवढेच वर राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असं शेजारी बसलेलं मी हजारदा बघितलं असेल.

वैजू दारातून म्हणाला, "आई, तू काय बोलू नको."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या गोरखच्या गुडघ्यावर हात ठेवून, त्याला ताप आलाय का बघावा तशा आवाजात बोलल्या.

"रंगाचं काय न्हाई, गोरख. तू माज्यावर गेलास. बुटका ऱ्हायलास. तुजं आता लगीन हुत न्हाई, बाळा. वैजूचं करू आपुन."